चढणकर बाईंची निवड

चढणकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. आमच्या ऑफिसात प्रोग्रामर मंडळी कोड लिहायची आणि बाई तो सर्व्हरवर चढवायच्या. सकाळपासून "बाई, माझं चढलं का?" आणि "बाई, आज चढवणार ना?" असा घोष चालू असायचा. कोणीतरी एकदा त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर 'चढणकर' अशी चिठ्ठी चिकटवली. ती चिकटली ती चिकटलीच. आता खऱ्या आडनावाने हाक मारली तर बाई दुसऱ्याच कोणाला बोलावताहेत असं समजून काम करत बसतात.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. माझं काम तपासनिसाचं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांच्या शिव्या खायचं. बाई माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. नऊ वर्षांच्या शेजाराने मला एवढं कळलं होतं की या बाईला राग आला तर ती बोलत नाही, पेनाचं टोपण चावते. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी त्यांच्या ड्रॉवरमध्ये एकही टोपण धड नव्हतं.

आमचं ऑफिस टाइल्सच्या दुकानाच्या वर, दोन मजल्यांवर. माणसं तीस. आमचं मुख्य काम डायलिसिस केंद्रांचं. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत अशा माणसांना आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-चार तास, मशीनला जोडून बसावं लागतं. कोणी कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीला, कोणत्या खुर्चीवर बसायचं, याचं वेळापत्रक आमचं वेब अ‍ॅप लावतं. अशी अकरा केंद्रं आमच्याकडे होती. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम किरकोळ वाटेल. पण खुर्ची चुकली तर माणसाच्या अंगात पाणी साठतं, धाप लागते. बाईंना याची जाण होती, म्हणून अ‍ॅपमध्ये काही नवं चढवायचं तर त्या एका जाड वहीतल्या एकेचाळीस पायऱ्या ओळीने करायच्या आणि प्रत्येकीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करायच्या. चाळिसावी पायरी होती, 'दोन केंद्रांना फोन करून विचारणे.' एकेचाळिसावी, 'चहा.'

सर्व्हर तेव्हा ऑफिसातच होता, जिन्याखालच्या खोलीत. एका उन्हाळ्यात त्या खोलीचा एसी दोनदा बंद पडला आणि साहेबांनी ठरवलं की आता सगळं क्लाउडवर न्यायचं. साहेब म्हणजे आमचे मालक. क्लाउड म्हणजे दुसऱ्या एखाद्या मोठ्या कंपनीचे संगणक भाड्याने घ्यायचे आणि आपलं अ‍ॅप तिथे चालवायचं. बाईंनी घरी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "खोलीत होतं ते बरं होतं की. ढगात ठेवायचं आणि मग पडलं म्हणून रडायचं." बाई हसल्या. क्लाउडला त्यांचा विरोध नव्हता. जिन्याखाली वाकून वाकून त्यांची कंबर गेली होती.

प्रश्न होता तो चढवायचं कशाने, याचा. हाताने एकेचाळीस पायऱ्या करण्याचे दिवस संपले होते. आता त्यासाठी तयार साधनं मिळतात, आणि ती एक-दोन नव्हेत, शेकड्याने मिळतात. साहेबांनी बाईंना सहा आठवडे दिले आणि साधन निवडायला सांगितलं. बाईंच्या अकरा वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी पहिल्यांदाच काहीतरी निवडायला सांगितलं होतं. त्या दिवशी त्या नवी वही घेऊन आल्या.

त्यांनी वाचून, विचारून, गाळून शेवटी तीन साधनं ठेवली आणि त्यांना क, ख, ग अशी नावं दिली. क अगदी सोपं होतं. कोड त्याच्या हवाली करायचा, बाकीचं ते बघतं. फक्त आत काय चाललंय ते दाखवत नाही. ख म्हणजे आपणच लिहिलेली कृती. पहिल्यांदा हे कर, मग ते कर, अशा ओळी लिहून ठेवायच्या, आणि साधन त्या साध्या सर्व्हरवर जशाच्या तशा पार पाडतं. आणि ग म्हणजे मोठा कारखाना. ते अ‍ॅप बंद पेट्यांमध्ये भरतं, त्या पेट्या अनेक संगणकांवर पसरतं, कोणती पेटी जिवंत आहे आणि कोणती मेली हे सतत तपासतं, मेलेलीच्या जागी नवी उभी करतं. लाखो लोक एकदम येतात अशा कंपन्यांसाठी ते बनलेलं होतं.

बाईंनी परीक्षाही स्वतःच्या पद्धतीने घेतली. एकच छोटं अ‍ॅप तिन्ही साधनांनी चढवलं, प्रत्येकाची दोन पानी टिपणं लिहिली, आणि मग मुद्दाम ते अ‍ॅप मोडलं. मोडल्यावर मला बोलावलं. म्हणाल्या, मला काही विचारायचं नाही, फक्त हे टिपण वाच आणि पुन्हा चालू कर. क मी बारा मिनिटांत चालू केलं. ख ला वीस मिनिटं लागली. ग समोर मी अडीच तास बसले. शेवटी मला इतकी लाज वाटली की मी पाणी प्यायला म्हणून उठले ते परत गेलेच नाही. तेव्हा पंडितने येऊन ते सोडवलं.

पंडित हा आमचा सर्वांत हुशार प्रोग्रामर. त्याला कोणताही विषय काढा, तो "बेसिकली" म्हणून सुरुवात करायचा आणि पंधरा मिनिटांनी थांबायचा, म्हणून पंडित. माणूस वाईट नव्हता. पण ग चं नाव काढलं की त्याचे डोळे चमकायचे. बाई एकदा मला म्हणाल्या, "याला ग ची बाधा झालीये." आम्ही दोघी हसलो. पुढे हसण्यासारखं फारसं काही राहिलं नाही.

बैठकीच्या दिवशी बाई नऊ पानं घेऊन आल्या. त्यात सगळं होतं. किती वेळ लागला, काय मोडलं, कोणाला जमलं, कोणाला नाही. शेवटी त्यांचं मत होतं, क आतलं काही दाखवत नाही, तेव्हा ख घ्यावं. पंडितने एकच चित्र आणलं होतं, रंगीत चौकोन आणि बाणांचं. साहेब नुकतेच एका परिषदेहून परतले होते. तिथल्या ओळखपत्राचा गळ्यातला पट्टा अजून त्यांच्या टेबलावर होता. त्यांनी नऊ पानांपैकी पहिलं उलटलं आणि विचारलं की मोठ्या कंपन्या यातलं काय वापरतात.

"ग," पंडित म्हणाला.

"मग आपण मागे का राहायचं?"

बाई म्हणाल्या, "साहेब, आपल्या अ‍ॅपवर सगळी केंद्रं मिळून एका वेळी साठ माणसं असतात."

"आज साठ. उद्या?"

"उद्याही साठच. खुर्च्या वाढल्या तर सत्तर."

साहेब हसले, आणि म्हणाले की बाई फार छोटा विचार करतात. तिथेच विषय संपला. बाहेर येताना मी पाहिलं, नऊ पानं टेबलावर पालथी पडली होती आणि त्यांच्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवला होता. बाईंनी कप उचलून बाजूला ठेवला आणि पानं घेऊन आल्या. जागेवर बसल्यावर मला म्हणाल्या, "निवडायला सांगायचंच कशाला मग?"

पुढचे सात महिने बाई ग शिकत होत्या आणि शिकता शिकता केंद्रांचं अ‍ॅप त्यावर नेत होत्या. या साधनाला काय हवं ते लांबलचक फाइलींमध्ये लिहून द्यावं लागतं, आणि त्यात प्रत्येक ओळीच्या आधी किती रिकाम्या जागा सोडल्या यावर सगळा अर्थ ठरतो. एक जागा कमी पडली की सगळं ठप्प. आणि चूक कुठे आहे ते सांगण्याऐवजी ते भलत्याच ओळीवर बोट दाखवतं. बाईंचे यजमान चष्म्याचं दुकान चालवतात. त्यांनी बायकोसाठी पडद्याच्या अंतराला बरोबर बसेल असा खास चष्मा बनवून दिला. तरी एकदा एका रिकाम्या जागेपायी बाईंचे अडीच दिवस गेले. सापडली तेव्हा त्यांना आनंदसुद्धा झाला नाही. नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, मी अडीच दिवस काहीच नसलेलं काहीतरी शोधत होते."

त्यात ग दर चार महिन्यांनी स्वतःच बदलायचं. कालचे शब्द आज चालायचे नाहीत. इंटरनेटवरचं एखादं मार्गदर्शन डोळ्यांत तेल घालून वाचून काढावं, तर खाली लिहिलेलं असायचं की ही पद्धत आता बंद झाली. बाई पंडितला विचारायला जायच्या. पंडित मदत करायचा, नाही असं नाही, पण मदत करता करता तो आणखी एक नवं साधन जोडून द्यायचा. ग वर लक्ष ठेवायला एक, ग च्या फाइली लिहायला एक, त्या फाइली जपायला आणखी एक. बाईंनी भिंतीवर यादी लावली होती. एकेचाळीस पायऱ्यांच्या जागी आता चौदा साधनं झाली होती आणि त्यातली अकरा एकट्या पंडितला कळत होती.

आठव्या महिन्यात पंडितने राजीनामा दिला. एका मोठ्या कंपनीने त्याला बोलावलं होतं, ग येतं म्हणूनच. निरोपाच्या वेळी त्याने छान भाषण केलं. या ऑफिसने मला खूप शिकवलं, म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्यांनी हे घरी सांगितलं तेव्हा त्यांचे यजमान म्हणाले, "म्हणजे माहूत गेला आणि हत्ती दारात राहिला." दुसऱ्या दिवशी हे मला सांगताना बाईंना हसू आलं नाही. त्यांनी साहेबांना सांगितलं की ग सांभाळायला दुसरं माणूस हवं, मला एकटीला पेलणार नाही. साहेब म्हणाले की बघू. बाईंनी दर सोमवारी विचारायचं आणि साहेबांनी बघू म्हणायचं, असे दहा सोमवार गेले.

याच काळात बाईंनी एक गोष्ट केली, जी मला सोडून कोणाला माहीत नव्हती. ख साठी लिहिलेली ती जुनी कृती त्या दर शुक्रवारी काढायच्या, अ‍ॅपमध्ये त्या आठवड्यात जे बदललं असेल त्याप्रमाणे तीही बदलायच्या, आणि एका साध्या सर्व्हरवर चालवून बघायच्या. मी विचारलं, कशाला हा दुहेरी व्याप? त्या म्हणाल्या की याने मला आठवड्यातून एकदा तरी कळलेलं काहीतरी करायला मिळतं.

मग तो मंगळवार आला.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही अ‍ॅपमध्ये एक बारीकसा बदल चढवला होता. रुग्णाचं वजन लिहायला एक नवा रकाना, एवढाच. तो मी तपासला होता आणि चांगला चालत होता. काय चालू आहे आणि काय बंद ते दाखवणाऱ्या ग च्या फलकावर सगळे दिवे हिरवे होते. आम्ही घरी गेलो.

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बाईंना एका केंद्रातून फोन आला. फोन तिथल्या सिस्टरचा होता. या सिस्टर म्हणजे त्या केंद्राच्या प्रमुख परिचारिका. गेली कित्येक वर्षं अ‍ॅपमध्ये काही अडलं की त्या थेट बाईंनाच फोन करायच्या, आणि दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "माझ्याकडे खुर्च्या चौदा आहेत आणि माणसं एकोणीस आली आहेत. तुमच्या अ‍ॅपने पाच खुर्च्या दोघादोघांना दिल्यात."

बाईंनी मला फोन केला. केंद्र आमच्या दोघींच्या घरापासून जवळ होतं. ऑफिसात जाऊन हिरवे दिवे बघण्यापेक्षा आधी तिथे जाऊ, असं त्या म्हणाल्या. आम्ही पावणेआठला तिथे पोहोचलो.

मी आजवर त्या अ‍ॅपवर हजारो खोटे रुग्ण बसवले होते आणि उठवले होते. खरा एकही पाहिला नव्हता. लांबट खोली, दोन्ही बाजूंना खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येकीशेजारी माणसाच्या छातीएवढं मशीन, आणि नळ्यांतून फिरणारं लाल. स्पिरिटचा वास. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, आणि दाराजवळच्या बाकावर पाच जण. त्यातले एक म्हातारे शिंपी होते. त्यांच्या हातांची बोटं इतकी सुजली होती की अंगठी मांसात रुतली होती. ते बाईंना म्हणाले, "आम्हाला चार तास बसायची सवय आहे हो. पण मशीनवर. बाकावर नाही."

बाईंनी त्यांची माफी मागितली. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही, आणि का व्हावं?

सिस्टरने रेघांची एक वही काढून ठेवली होती. प्रत्येकाचं वजन करून, कोणाच्या अंगात किती पाणी साठलंय, कोण दुपारपर्यंत थांबू शकेल आणि कोण नाही, हे त्यांनी आधीच लिहून काढलं होतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही होय. मला वाटलं होतं उंच असाल." मग वही पुढे सरकवली. पुढचे दोन तास बाईंनी बाकीच्या दहा केंद्रांना एकेक फोन करून विचारलं की कुठे खुर्ची रिकामी आहे आणि कुठे असाच गोंधळ झालाय. आणखी तीन केंद्रांत तेच झालं होतं, कमी प्रमाणात. शिंप्यांना आणि आणखी एका बाईंना टॅक्सीने दुसऱ्या केंद्रात पाठवलं. एक शिक्षिका होत्या, त्या दुपारच्या पाळीला थांबायला तयार झाल्या आणि शाळेत फोन करायला बाहेर गेल्या. बाकीच्या दोघांना तिथेच जागा होताच बसवायचं ठरलं. मी वहीत नावं लिहीत होते. वजनाच्या ज्या रकान्याला मी सोमवारी तपासून हिरवी खूण केली होती, तोच रकाना मी पेनाने आखला.

साडेदहाला थोडी उसंत मिळाली तेव्हा बाईंनी सिस्टरच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडला. फलकावर अजूनही सगळं हिरवं होतं. खोदत खोदत त्या मुळाशी पोहोचल्या. नवी पेटी उभी राहिली की ग तिला विचारतं, जिवंत आहेस का? उत्तर यायला किती वेळ वाट बघायची ते फाइलीतली एक ओळ ठरवते. तो वेळ फार कमी ठेवलेला होता. नवी पेटी जागी होऊन उत्तर देईपर्यंत ग तिला मेलेली ठरवायचं आणि पुन्हा उभी करायचं. तोवर जुनीही चालूच. सोमवारी संध्याकाळभर केंद्रांतली काही माणसं जुन्या पेटीकडून खुर्च्या घेत होती आणि काही नव्या पेटीकडून. प्रत्येक पेटी आपापल्याजवळचा तक्ता बघून खुर्ची देत होती, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. एका दुकानात दोन माणसांनी दोन वह्यांत एकच माल विकावा, तसं झालं होतं. आणि कोणती ना कोणती पेटी सतत जिवंत असल्यामुळे दिवा हिरवा.

ती ओळ पंडितने लिहिली होती. बाईंनी त्याला नव्या ऑफिसात फोन लावला. त्याने लगेच उचलला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, खरं सांगू? ती फाइल मी इंटरनेटवरून उचलली होती. त्या ओळीचा अर्थ मला तेव्हाही नीट कळला नव्हता."

इतका खरेपणा त्या दिवशी दुसऱ्या कोणी दाखवला नाही, असं बाई नंतर म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

वेळ वाढवून ती ओळ दुरुस्त करता आली असती. पण तशा किती ओळी त्या फाइलींमध्ये दबा धरून बसल्यात, हे कोण सांगणार? अ‍ॅप ग वरून उतरवायची परवानगी मागायला बाईंनी साहेबांना फोन केला. साहेब बाहेरगावी होते, लागले नाहीत. त्यांच्या सहायकाने सांगितलं की असा मोठा निर्णय ऑफिसच्या समितीपुढे न्यावा लागेल, समिती चार वाजता बसेल. बाई म्हणाल्या, "दुपारची पाळी बारा वाजता बसते," आणि फोन ठेवला.

मग त्यांनी मला शेजारी बसवलं. शुक्रवारची ती कृती काढली आणि अकराही केंद्रांचं अ‍ॅप ग वरून उतरवून एका साध्या सर्व्हरवर चढवलं. मी एकेक ओळ वाचत होते, त्या चालवत होत्या. आदल्या दिवसाच्या दुहेरी नोंदी आम्ही सिस्टरच्या वहीवरून हाताने निस्तरल्या. बाराला दहा कमी असताना सिस्टरने दुपारच्या पाळीची यादी उघडली. चौदा खुर्च्या, चौदा नावं. त्यांनी बोटाने मोजली, दोनदा. मग म्हणाल्या, आता घरी जा आणि काहीतरी खा.

बाई घरी गेल्या नाहीत, ऑफिसात गेल्या. घडलं ते सगळं लिहून त्यांनी साहेबांना पाठवलं, आपण विनापरवानगी काय केलं तेही.

गुरुवारी साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. ते ओरडले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की रुग्णांची सोय झाली हे चांगलंच झालं, पण नियम मोडला गेला आणि केंद्रांना लेखी खुलासा द्यावा लागणार. खुलासा तयारच होता, दीड पानाचा. कारणांच्या जागी लिहिलं होतं, 'मानवी चूक'. खाली बाईंच्या सहीसाठी जागा होती.

बाईंनी तो दोनदा वाचला. "कुठल्या मानवाची?" त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले की असं लिहायची पद्धत असते, त्यात कोणाचं नाव नाही.

"नाव नाही, पण तपासलं हिने आणि चढवलं मी. वाचणारा दुसरं कोणाचं नाव घेईल? साहेब, आपल्याला न पेलणारं साधन घेतलं, असं लिहा. मी आत्ता सही करते."

साहेबांनी ते लिहिलं नाही, आणि बाईंनी सही केली नाही. तीन आठवडे तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. कधी 'तांत्रिक त्रुटी' व्हायचा, कधी 'अनपेक्षित परिस्थिती'. दर वेळी बाई वाचायच्या आणि परत पाठवायच्या. मी त्यांना म्हटलं, सोडून द्या, माझ्यासाठी भांडत असाल तर मला काही वाटणार नाही. त्या माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, "तुला वाटत नसेल, मला वाटतं. सहा आठवडे घालवून मी नऊ पानं लिहिली होती. एकाने वाचली असती, तर त्या म्हाताऱ्यांना बाकावर बसायची वेळ आली नसती." नऊ वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

शेवटी खुलासा गेलाच नाही. केंद्रांनी दुसऱ्यांदा मागितला नाही, आणि आमच्याकडे कोणी आठवण काढली नाही. त्यावर बाईंचा जो तळतळाट झाला तो भांडणापेक्षा वाईट होता. चूक कबूल झाली नाही आणि नाकारलीही गेली नाही. नुसती विरून गेली.

अ‍ॅप मात्र त्या साध्या सर्व्हरवरच राहिलं. परत ग वर न्या, असं बोलायची कोणाची हिंमत झाली नाही. पण आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात अजूनही पंडितचं रंगीत चित्र आहे, आणि नवं गिऱ्हाईक आलं की साहेब त्याला ते दाखवतात. असं एखादं गिऱ्हाईक समोर बसलं असलं की बाई पाण्याची बाटली भरायला उठतात.

दुसरं माणूस मिळालं नाही, म्हणून मीच झाले. सकाळचा एक तास बाई मला शिकवतात आणि बुधवारी मी चढवते, त्या बघतात. त्यांना शिकवण्याचा धीर आहे, पण चुकलं की त्या सांगत नाहीत, गप्प बसतात. ते बोलणी ऐकून घेण्यापेक्षा कठीण असतं. पहिल्या महिन्यात मी एकदा चुकीच्या सर्व्हरवर कृती चालवायला निघाले होते. शेवटच्या क्षणी त्यांनी माझा हात धरला, आणि पुन्हा सोडून दिला, की आता तूच बघ काय चुकलंय.

मध्यंतरी सिस्टर एकदा ऑफिसात आल्या. पत्ता विचारत विचारत, टाइल्सच्या दुकानातून जिना चढून. काही काम नव्हतं, सुट्टी होती म्हणून आल्या होत्या. आम्ही तिघी चहा प्यायलो. शिंप्यांची चौकशी केली तेव्हा सिस्टर म्हणाल्या की बरे आहेत, खुर्ची क्रमांक सहावर बसतात आणि अजून तक्रार सांगतात, आता मात्र चहाची.

मागच्या महिन्यात साहेब पुन्हा एका परिषदेला जाऊन आले. या वेळी काहीतरी वेगळंच ऐकून आलेत. ग आता जुनं झालं म्हणे. त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की चार-पाच नवी साधनं आहेत, सहा आठवडे घ्या, तुलना करा, निवडा. मी दाराशीच होते, फाइल द्यायला आले होते.

बाई म्हणाल्या, "निवडते. पण मग ठरवणार मी. तुम्ही फक्त सही करायची. नाहीतर हे काम दुसऱ्या कोणाला सांगा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. विचार करून सांगतो, म्हणाले.

त्याला आता तीन आठवडे होऊन गेले. परवा मी बाईंना विचारलं की काही कळलं का. "विचार चालू आहे म्हणे," त्या म्हणाल्या, आणि समोरच्या ओळी जरा जास्तच जोरात टाइप करू लागल्या.